आधी उतर, मग सरक

सोमवार, ३ फेब्रुवारी

वर्गात शिरलो तर एका मुलीनं उठून खुर्ची दिली. तिला वाटलं, मी कुणाचा तरी बाप, चौकशीला आलोय! धाकटा आधीच येऊन बसला होता. खुदकन हसला. "बस दादा, पोरीनं मान दिलाय." माझा सख्खा भाऊ. लहानपणी त्याचा पाय मोडला, वर्षभर प्लास्टरमध्ये होता, तेव्हा त्याची शाळा मीच होतो. खाटेशी बसून शिकवायचो, तेव्हाही असाच मधेच हसायचा.

दोघंही एकाच रंगाच्या कारखान्यात. मी छटा जुळवतो, तो पॅकिंगला. साहेबांनी स्पष्टच सांगितलंय — छटा जुळवणं आता कॉम्प्युटरवर, आणि लिनियर अल्जिब्राचा हा कोर्स जो पास होईल त्यालाच त्या टेबलावर बसवणार. नाहीतर मला पिंपं धुवायला लागतील. धाकट्यालाही पॅकिंगमधून सुटायचंय. म्हणून संध्याकाळच्या वर्गात दोघांनी नाव घातलं.

शिकवायला एक तरुण बाई आहेत. बाकीचे मॅडम म्हणतात. माझ्या तोंडात बाईच येतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

व्हेक्टर म्हणजे नुसता बाण नाही. बाई म्हणाल्या, दोन-तीन व्हेक्टर घ्या, कमी-जास्त करून मिसळा, त्यातून जेवढं काही तयार होईल तो त्यांचा स्पॅन. मी वही तशीच उघडी ठेवून बसलो. लाल, निळा, पिवळा — तीन पिंपं, आणि प्रमाण बदललं की नवी छटा. जन्मभर हेच करतोय की!

घरी येऊन देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. नुसता बसलो, बरं वाटलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज तास बुडाला. दोघांनाही जादा पाळी लागली. नेमका मॅट्रिक्सचा गुणाकार गेला. वर्गातल्या एकानं बाईंनी वाटलेली पानं आणून दिली. धाकटा आपलं पान घेऊन वरच्या मजल्यावर त्याच्या घरी गेला, मी माझं घेऊन खाली आमच्याकडे बसलो.

सुरुवातीला काहीच उमगेना. आकड्यांच्या दोन चौकटी, आणि म्हणे यांचा गुणाकार करा. मग गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. भिंतीवर पाढे उभे लिहायचे. छडीचं टोक आकड्यावर ठेवून म्हणायचे, "आधी उतर, मग सरक." मीही तसंच केलं. पहिल्या चौकटीत बोट खाली उतरवलं, दुसरीत आडवं सरकवलं. पानावर सोडवून दिलेलं उदाहरण होतं, त्याचं उत्तर तंतोतंत आलं! गुरुजी गेले त्याला किती वर्षं झाली. अजून शिकवताहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चाचणी झाली. सगळा गुणाकारच. धाकटा माझ्याच बाकावर. बाहेर आल्यावर पाठीत धपाटा घालून म्हणाला, "दादा, आता आपण साहेब." मी म्हटलं, आधी निकाल लागू दे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काय लिहू.

तास संपल्यावर बाईंनी थांबवून घेतलं. दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले, माझा आणि धाकट्याचा. सगळी उत्तरं चुकलेली — आणि सगळी सारखी! पहिलीची आडवी ओळ घ्यायची असते आणि दुसरीची उभी. आम्ही उलटं केलं होतं, पहिलीची उभी, दुसरीची आडवी. मी पानावरचं उदाहरण जुळलं होतं म्हणालो. त्यांनी पान काढून पाहिलं. त्या उदाहरणात उभं वाचा की आडवं, आकडे तेच होते. उलटं केलं तरी उत्तर बरोबरच येणार होतं.

त्या म्हणाल्या, अशी चूक आजवर कुणी केलेली पाहिली नाही. आणि इथे एका बाकावर दोघांनी केली. म्हणजे कुणीतरी बघून लिहिलंय. कोण ते कळलं नाही तर नियमानं दोघांचीही नावं कोर्समधून जातील.

मी म्हणालो, मी बघितलेलं नाही.

बाईंनी दोन्ही पेपर मिटले. माझ्याआधी धाकट्याला विचारून झालं होतं. तोही बघितलं नाही म्हणाला. आणि वर म्हणाला — हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं — "दादाला सांभाळून घ्या, मॅडम. वय झालंय. घाबरला असेल."

घाबरला असेल!

गुरुवार, २० फेब्रुवारी

चोर म्हणाला असता तर चाललं असतं. भांडलो असतो. त्यानं माझी कीव केली, तीही परक्या माणसासमोर.

बायको म्हणते, "अहो, सरळ विचारा ना त्याला. वर तर राहतो." मी काय म्हणून विचारू? त्याला माहीत नाही का, मी काय आहे ते?

संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस दादा. मी बोललोय त्यांच्याशी." मी त्याचा हात काढला. तो तसाच उभा राहिला, मी खाली आलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

धाकटा आज मागच्या बाकावर बसला.

नवा धडा. दोन व्हेक्टर एकाच रेषेत असले तर एक दुसऱ्याच्याच पटीत असतो. त्याचं स्वतःचं असं काही नसतं. बाई म्हणाल्या, "त्यातला एक काढून टाकला तरी काही बिघडत नाही."

कुठला काढायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी पिंप ढवळताना लख्ख उजेड पडला. ती चूक कुणाची हे मला माहीत आहे. माझी! आधी उतर, मग सरक — ही चूक फक्त त्या भिंतीसमोर बसलेला माणूसच करू शकतो. आणि धाकटा त्या शाळेत एक दिवसही गेलेला नाही. तो शाळेच्या वयाचा झाला तोवर आम्ही गाव सोडलं होतं. म्हणजे माझी चूक त्याच्या पेपरात एकाच वाटेनं जाऊ शकते.

ज्यानं बघून लिहिलं, तोच मला सांभाळून घ्या म्हणत होता.

जेवण गेलं नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. सगळं — गुरुजी, भिंत, छडीचं टोक. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुमच्या भावानं बघून लिहिलं, असं तुम्ही सांगताय?"

मी हो म्हणालो.

त्या म्हणाल्या, चूक नेमकी कुठली ते त्याला अजून दाखवलेलं नाही; उद्या तासाआधी त्याला फळ्यावर नवं गणित घालते. एकट्याला. बघून लिहिलं असेल तर काही सुचणार नाही, लगेच कळेल. मला दाराशी थांबायला सांगितलं.

परत आल्यावर देवापुढे बसलो. जे माहीत होतं तेच बोललो, एक अक्षर खोटं नाही. तरी हात जोडले जाईनात.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

फळ्यावर दोन नव्या चौकटी. धाकटा क्षणभरही अडला नाही. त्याचं बोट पहिलीत वरून खाली उतरलं, दुसरीत आडवं गेलं. ओठ हलत होते. बाईंनी विचारलं, तोंडात काय म्हणताय?

"आधी उतर, मग सरक."

"कुणी शिकवलं हे?"

त्याला वाटलं, बाई कौतुकानं विचारताहेत. त्यानं दाराकडे वळून पाहिलं, मी दिसलो तसा हसला.

"दादानं. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा."