आर्सेनियोच्या आट्यांत बसेल असा शाफ्ट

२ ऑगस्ट, शनिवार

आईने माझ्या बिलियर्डच्या काठीवर गोधडी वाळत घातली. चार दिवस! दोन खुर्च्यांच्या पाठींवर काठीचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे शाफ्ट, आडवा टाकला. त्यावर ओली गोधडी, समोर पंखा. आज मी पिशवी उघडली तर आत नुसता मागचा दांडा. विचारलं, तर म्हणे, "चांगली मजबूत आहे ती. नुसती पडून होती."

टेबलावर लोळवून पाहिला. सरळ शाफ्ट बाटलीसारखा सुरळीत गडगडतो. हा दर फेरीला ठेच खात गेला, लंगड्या कुत्र्यासारखा. मधोमध चांगला पोक आलाय.

सान रोके संताची जत्रा सोळा तारखेला. बायकांची स्पर्धा त्याच दिवशी. दोन आठवडे राहिले आणि माझ्या काठीला तोंड नाही. मी कवळ्या बनवते. आख्ख्या ग्वाग्वा गावात निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात. आणि माझ्यावरच ही पाळी.

आईला ओरडले. ती कानाचं यंत्र काढून ठेवून जेवायला बसली.

३ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना उरकून सरळ लोलिंगकडे. तिचा बिलियर्ड हॉल म्हणजे मागे चार टेबलं आणि पुढे तळलेलं डुकराचं मांस. तिच्याकडे लोकांनी विसरलेले, गहाण टाकलेले, बायकोपासून लपवलेले मिळून अकरा शाफ्ट निघाले. एकही माझ्या दांड्यात बसला नाही. दोन तर अर्ध्यावर जाऊन अडकले. एक काढायला लोलिंगला पक्कड आणावी लागली.

मला माहीत होतंच. तरी करून पाहिलं.

सांध्याच्या स्क्रूचे आटे जगात कुणाच्याच मापाचे नाहीत. ते आर्सेनियोने कापलेत— कुठल्या तरी मोडक्या जीपमधून काढलेल्या हत्याराने. बावीस वर्षांपूर्वी त्याने मला लग्नात अंगठी दिली ती पितळेची, आणि काठी दिली ती कामागोंगची. काळंभोर लाकूड, लोखंडासारखं जड. तेव्हाच म्हणाला होता, "यात दुसऱ्या कुणाचं काही बसणार नाही." तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. मूर्ख होते.

स्वतः मात्र आठ वर्षांपूर्वी दुसरीकडे जाऊन बसला.

लोलिंग म्हणाली, "मग जा की त्याच्याकडे. नवराच आहे तुझा."

तेही खरंच. या देशात घटस्फोट नाही. कागदोपत्री तो अजून माझाच. जुन्या बिघडलेल्या फ्रिजसारखा— घरात नाही, पण नावावर आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

औषधाच्या दुकानात झेनाइदा भेटली. गेल्या वर्षी तिने मला उपांत्य फेरीत हरवलं आणि अजून त्यावरच जगतेय. तिच्याकडे कार्बनचा काळा शाफ्ट आहे, पोराने दुबईहून पाठवलेला. पाण्यात टाका, उन्हात ठेवा, वाकत नाही. म्हणाली, "लाकडाच्या मागे काय लागायचं, सांता? लाकूड काय, नवरा काय, ओल लागली की गेलं."

काउंटरमागच्या दोन्ही पोरी हसल्या. मी आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोजून घेतल्या. एक कमी निघाली असती तर भांडायला तरी मिळालं असतं.

तिचा शाफ्ट हातात घेऊन पाहिला, खोटं कशाला बोलू. छान आहे. गुळगुळीत. पण चेंडूला लागतो तेव्हा हाताला काहीच कळत नाही. हातमोजा घालून कुणाच्या गालाला हात लावावा तसं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईने जेवताना विचारलं, जावईबापूंना का सांगत नाहीस. मी ताट उचललं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आंजेलेसमधल्या एका कारागिराला फोन केला. तो म्हणाला, सांधा कापून टाकू, नवा स्क्रू बसवू, मग बाजारातला कुठलाही शाफ्ट चालेल. मी विचारलं, कापताना दांडा चिरला तर? तो म्हणाला, "चिरला तर चिरला." इतक्या मोकळ्या मनाने की मी आभार मानून फोन ठेवला.

तीन रस्ते होते: लोलिंगची भिंतीवरची काठी घेऊन खेळायचं, दांडा कापायचा, किंवा नाक मुठीत धरून बेतिसला आर्सेनियोकडे जायचं. दुपारभर एका म्हाताऱ्याची खालची कवळी घासत बसले आणि विचार करत राहिले. इतकी घासली की आता ती त्याच्या नातवाला बसेल.

उद्या बेतिस.

८ ऑगस्ट, शुक्रवार

जाऊन आले.

कारखाना तोच. पत्र्याखाली लेथ, वर दोऱ्यांनी टांगलेले अर्धवट कापलेले शाफ्ट. मेपलचं लाकूड असं वर्षानुवर्षं टांगून, अधूनमधून थोडं थोडं कापत मुरवावं लागतं. घाई केली की वाकतं. आर्सेनियो खाली स्टुलावर बसला होता. पोट सुटलंय. बरं वाटलं.

मी म्हटलं, "शाफ्ट हवाय." आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

त्याने "बस" म्हटलं नाही, "कशी आहेस" म्हटलं नाही. हात पुढे केला. मी काठी दिली. त्याने सांधा अंगठ्याने चाचपला, दांड्याचा वास घेतला, वाकलेला शाफ्ट गालाला लावून फिरवला आणि विचारलं, "आई?"

"गोधडी."

तो हसला. मलाही हसू आलं, पण आवरलं.

माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही त्याने. गेल्या महिन्यात मी केस तांबडे केलेत. फादरपासून मासळीवालीपर्यंत सगळे त्यावर बोलले. हा नाही. घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. आता लिहिताना वाटतंय, मी शाफ्टसाठी गेले होते की केस दाखवायला?

सवत होतीच. दिविना. मी तिला राक्षसीण करून ठेवलं होतं मनात. निघाली एवढीशी. केस बांधलेले, कोपरापर्यंत भुसा, पायात पुरुषी चपला. कॉफी आणून दिली. मला कशी लागते ते न विचारता साखर घातली नाही. बरोबर निघालं, म्हणून आणखी राग आला. जाताना मी तिला काठी कशी धरते ते दाखवून म्हणाले, टोकाशी जाड नको. तिला नाही, त्याला सांगत होते. पण तो छताकडे तोंड करून बसला होता.

टांगलेल्यांपैकी तीन शाफ्ट शेवटचा हात फिरवून तयार करतो म्हणाला. बुधवारी ये, निवड.

१० ऑगस्ट, रविवार

आईने माझ्या नकळत बेतिसला डबा पाठवला. गोड डुकराचं मांस, आंबवलेला भात. ट्रायसिकल-रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून कळलं. जाब विचारला तर म्हणते, "शाफ्ट मी वाकवला, भरपाई मी करणार."

डबा धुऊन परत आला. आत सहा केळी. कुणी ठेवली असतील ते मी विचारलं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

निवडला!

कारखान्याच्या कोपऱ्यात जुनं टेबल आहे, कापड दोन ठिकाणी शिवलेलं. दिविनाने तिन्ही शाफ्ट भिंतीला ओळीने लावून ठेवले होते. आर्सेनियो स्टुलावर, डोळे मिटून. म्हणाला, "तू खेळ. मी ऐकतो." मोठा पंडित!

पहिला लावला. आटे बसले, पण शेवटचा अर्धा फेरा घट्ट. मधल्या भागात हाताला लाट लागली, म्हणजे एका जागी जास्त कापला गेलेला आणि पुढे ते लपवायला घासलेला. चार फटके मारले. पांढरा चेंडू दरवेळी थोडा डावीकडे सरकला. मी म्हटलं, "हा कुणी केला रे? शिकाऊ ठेवलायस का कुणी? त्याला सांग, लेथ सोड आणि भाजी विक."

मग आर्सेनियो म्हणाला, "आहे एक शिकाऊ."

"शिकणार नाही तो," मी म्हटलं. मजा येत होती मला. आठ वर्षांची भडास साठलेली होती, बाहेर काढायला एक शाफ्ट मिळाला. त्याच्यावर आणखीही दोन-तीन विनोद केले. ते इथे लिहीत नाही, आईच्या हाती वही लागली तर पंचाईत.

दुसरा चांगला होता. सरळ, ताठ, आवाज कोरडा. पण जाड. माझ्या बोटांत कोंबल्यासारखा.

मग तिसरा. पहिल्याच फटक्याला कळलं. नंतर पंधरा-वीस मारले ते फक्त चैन म्हणून. माझ्या डाव्या हाताची तर्जनी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली. काठी मी त्या बोटाच्या बाजूवरून सरकवते, वरून नाही. बरोबर तिथे, जिथे ते बोट टेकतं, तिथपासून शाफ्ट केसभर बारीक केलेला. दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. मी दिवसभर अर्ध्या मिलिमीटरवर जगते, मला कळलं.

मी म्हटलं, "हा तुझा. बाकीचे कुणाचेही असोत. हा तुझ्याच हातचा."

तो म्हणाला, "आवडला ना? मग झालं."

दिविना लेथ पुसत होती. पुसलेलाच होता.

परत येताना ट्रायसिकलमध्ये काठी मांडीवर आडवी धरून बसले होते. आठ वर्षं! आणि माझं वाकडं बोट त्याच्या हाताला अजून पाठ आहे. असा माणूस एखादीला पूर्ण विसरतो का? पंचेचाळीस वर्षांची झाले मी. असले विचार करताना लाज वाटायला हवी. वाटली नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चार तास सराव. कवळ्या खोळंबल्या. फादरांनासुद्धा शनिवारी दोन दात कमी घेऊन आशीर्वाद द्यावे लागणार.

आईने विचारलं, एवढी गुणगुणतेस का.

१६ ऑगस्ट, शनिवार. जत्रा

उपांत्य फेरीत पुन्हा झेनाइदा. पाच-पाच. शेवटच्या डावात नऊ नंबरचा चेंडू, म्हणजे डाव जिंकून देणारा, लांबच्या कोपऱ्यात, पांढरा चेंडू कडेला चिकटलेला. मारला. शाफ्टमधून तो फटका माझ्या कोपरापर्यंत आला आणि नऊ नंबर भोकात पडायच्या आधीच मला माहीत होतं. झेनाइदाने हात मिळवला. तिचा कार्बन खरंच वाकला नाही. तिचं तोंड वाकलं.

आणि अंतिम सामन्यात कोण? सासमुआनची एक बासष्ट वर्षांची बाई, खारवलेली कोळंबी विकणारी. लोलिंगच्या भिंतीवरची सार्वजनिक काठी घेऊन, खडूसुद्धा माझाच मागून! सात-तीनने हरवलं मला. मध्येच एकदा काठीने पाठ खाजवून घेतली. मी दोन आठवडे शाफ्टसाठी गाव पालथं घातलं आणि ही म्हणते, "ही जरा वाकडी आहे, पण मीही आहे."

दुसरं बक्षीस: उभा पंखा. आई खूश. गोधड्यांची सोय झाली.

बेतिसचे ते दोघे आले होते. हातात हात घालून— या वयात! भिंतीशी बसले. माझ्या प्रत्येक फटक्याला ती त्याच्या कानात कुजबुजत होती आणि तो मान हलवत होता. नऊ नंबर पडल्यावर हॉल ओरडला. तिने कानात काहीतरी सांगितलं, मग त्याने टाळी वाजवली. सगळ्यांच्या नंतर, एकट्याने. मला ते फार आवडलं. तिचं कुजबुजणं अजिबात आवडलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

त्याला फोन करावा का? आभाराचा. आभाराचाच फक्त.

केला नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दिविना आली होती. एकटी. बस म्हटलं तर बसली नाही.

म्हणाली, दोन वर्षं झाली, आर्सेनियोला दिसत नाही. साखरेने डोळे गेले, आता नुसत्या सावल्या. लेथ तीच चालवते. गावात सांगितलेलं नाही, सांगितलं तर काठ्या कोण घेईल. तिसरा शाफ्ट तिने केला, दुसराही. त्या शुक्रवारी मी काठी धरून दाखवली तेव्हाच तिला माझं बोट दिसलं होतं.

मी विचारलं, "आणि पहिला?"

"तो त्यांनी केला, ताई. चाचपडत, पाच दिवस. तुमचा म्हणून मला हात लावू दिला नाही."