दोन सुतांची ढील

उद्यमनगर, कोल्हापूर
गुरुवार, ता. २२ फेब्रुवारी १९७९

आदरणीय सयाजीदाजी,

धाकट्या मेहुण्याचं, म्हणजे कृष्णातचं डोकं तुमच्या पायांवर. इकडं सगळी खुशाल आहेत. (आक्काच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, ते बसलं. टेंगूळ हा काही आजार नव्हे, म्हणून खुशालीतच धरलं आहे.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? तेल कोमट करूनच चोळता ना? थंड तेल चोळणं आणि थंड इंजिन रेटणं सारखंच, दोन्हीत सांधे जातात. भाचीला, शालूला आशीर्वाद. तिला बघायला रविवारी पावणं येणार, त्याची तयारी तुम्ही एकट्यानं करताय हे मला ठाऊक आहे. त्याबद्दलच हे पत्र.

आक्का आठ दिवस आमच्याकडं का राहिली, याचं कारण मी तुम्हाला "थोडं काम निघालं" असं कळवलं होतं. ते खोटं नाही. पण आम्ही गाडी घेऊन तुमच्याकडं निघालो त्या दिवशी समोरून येणाऱ्या मलकापूरच्या एस.टी.त तुमच्या शेजारच्या अंबूबाई खिडकीला बसल्या होत्या, आणि त्यांनी तुमच्या गल्लीत काय सांगितलं ते माझ्यापर्यंत आलंय. तेव्हा आता सरळ लिहितो. आक्का माझ्याशी बोलत नाही. जे काय सांगायचं ते आमच्या मंडळींमार्फत, म्हणजे बायडामार्फत. दुसऱ्याच दिवशी तिनं बायडाला सांगून ठेवलं, "त्याला म्हणावं, काय चुकलं ते सोताच्या तोंडानं सांग. न्हायतर शनवारी येस्टीनं जाते, आन परत ह्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाय." दाजी, आक्का बोलते ते करते हे तुम्हाला मी सांगायला नको. आई गेल्यावर मला तिनं वाढवलंय. भाऊबीजेला ती येणार नसेल तर मी दिवाळी कुणाच्या जिवावर करायची? आज गुरुवार. हातात दोन दिवस उरलेत.

आता कामाचं. तुमची सत्तेचाळीस सालची डॉज मोटार पेट्रोलवर परवडेना, तिच्यात डिझेल इंजिन बसव, असं तुम्हीच म्हणालात आणि माझ्यावर विश्वास टाकलात. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पण तीन महिन्यांत मी ते इंजिन बसवलं, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट स्वतः लेथवर काढली, पंप, नॉझल, पाइप, सगळं जागच्या जागी. थेंबभर डिझेल कुठं गळत नाही, रुमाल फिरवून बघा. डिझेल इंजिन धडधडतं फार, आणि आक्काची पाठ दुखते, म्हणून इंजिनाखाली चार जाड मऊ रबरं घातली. (बाजारात मिळतात ती कडक. ही मी मुद्दाम निवडून आणली. हे आक्कासाठी केलं हे तिला कुणी सांगत नाही.)

अडचण आली ती पायाच्या अ‍ॅक्सिलेटरची. जुन्या इंजिनाला पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत लोखंडी सळ्या होत्या. नव्या इंजिनाचा पंप उजवीकडं आणि बराच खाली. सळई तिथवर पोचेना. मग वायरच घालायची ठरली, सायकलच्या ब्रेकला असते तशी, पण जाड. आमच्या गल्लीत दिलदार सायकलवाल्याचं दुकान आहे. माझा जुना दोस्त, माणूस सज्जन, पण सायकलीच्या पलीकडं त्याला जग नाही. त्यानं मोटारसायकलच्या क्लचची लांब वायर आणि तिचं वरचं वेटोळ्याचं कवच मिळवून दिलं. मी लांबी तीनदा मोजली, टोकाची पितळी घुंडी लेथवर काढली, झाळून पक्की केली. आणि वायर अशी ताणून बसवली की बोट लावलं तर सतारीसारखी वाजावी. पेडलला केसभर धक्का लागला की पंपाचा दांडा केसभर हलणार. तेव्हा दिलदार बाजूला उभा होता. म्हणाला, "मिस्त्री, जरा ढील ठेवा की. हँडल वळतंय तसं इंजिन बी हालणार." मी त्याला म्हटलं, ढील सायकलीत चालते, माझ्या कामात ढील नसते. तो गप्प बसला. (गप्प बसण्यात हा माणूस फार पुढं आहे. त्याचा मला नंतर त्रास झाला.)

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. डिझेल इंजिन चावीनं बंद होत नाही. त्याला करंट लागतच नाही, पंपाचं डिझेल तोडायला एक वेगळी वायर लागते, तिची मूठ ड्रायव्हरजवळ असते. ही दुसरी वायर मी शनिवारी घालणार होतो. वर्कशॉपात मी बॉनेट उघडून पंपाचा दांडा हातानं दाबून इंजिन बंद करत होतो, आणि ते बंद होत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी आठवडाभर समजावून सांगत होतो, की बाबांनो, ह्या इंजिनाला चावी म्हणजे नुसता दागिना.

गेल्या गुरुवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर आक्का, मांडीवर शालूसाठी घेतलेल्या लुगड्याचं बोचकं. पुढं माझ्याशेजारी दिलदार, नुसता हौसेनं आलेला. गावातून गाडी अशी चालली की दोन ओळखीच्यांनी हात केला. पंचगंगेचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, मी तिसरा गिअर टाकला. पंचवीस मैल. तीस. मग पाय उचलला, कारण पुढं कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्या दिसत होत्या. गाडी हळू झाली नाही. मला वाटलं, पेडलखालची स्प्रिंग नवी आहे, बसेल. पस्तीस. ब्रेक दाबला तर पुढं बॉनेटखाली इंजिनानं एका अंगाला झुकून हिसका दिला आणि गाडी ब्रेकसकट ओढत पुढं निघाली. दाजी, तीस वर्षांत मी कैक गाड्या न थांबणाऱ्या पाहिल्या, पण ब्रेक दाबल्यावर जोर करणारी ही पहिली.

त्याचं शास्त्र मला मागाहून कळलं, ते इथंच लिहितो म्हणजे तुम्हाला पुढचं समजेल. ओझं पडलं की इंजिन एका बाजूला कलंडतं. रबरं मऊ, म्हणून जास्त कलंडतं. वायरला ढील नाही, म्हणून कलंडणारं इंजिन स्वतःच वायर ओढतं. वायर ओढली की डिझेल वाढतं, डिझेल वाढलं की इंजिन आणखी कलंडतं. एवढी ताणलेली वायर कवचात अडकूनही बसली, म्हणून ओझं सुटलं तरी डिझेल कमी होईना. म्हणजे पेडलवर पाय नसतानाही गाडी स्वतःलाच पळवत होती, आणि मी ब्रेकनं तिला आणखी ओझं देत होतो.

तेव्हा हे कुठलं सुचायला. मी चावी बंद केली. तीस वर्षांची पेट्रोलची सवय. इंजिन तसंच, फक्त हॉर्न गेला. (हॉर्न चावीवर आहे. करंटबिरंट सगळं मी नियमानं केलंय.) उसाच्या सहा गाड्या एकामागं एक, पहिल्या दोन गाड्यांचे गाडीवान पेंगत होते, आणि समोरून ही अंबूबाईंची एस.टी. दिलदार खिडकीतून अर्धा बाहेर वाकून बोंबलत होता. मी पेडल हातानं वर ओढून बघायला खाली वाकलो, स्टिअरिंग दिलदारला धरायला सांगितलं. त्यामुळं अंबूबाईंना गाडीत ड्रायव्हर दिसला नाही. गाडी आपोआप चालली होती हे त्यांचं म्हणणं म्हणूनच चूक आहे. ती चालली नव्हती, पळाली होती. पेडल वर आलं, गाडी तशीच. मी उठलो, क्लच दाबला. इंजिन मोकळं झालं आणि असं किंचाळलं की आतले पिस्टन आता बाहेर येतात की काय. म्हणून पाय उचलला. (हा तांत्रिक निर्णय होता. सविस्तर लिहिण्याची जरूर नाही.) गाडीनं पुन्हा उसळी घेतली. मागनं आक्का एवढंच म्हणाली, "किसना, थांबीव."

उसाची शेवटची गाडी आणि एस.टी. यांच्यामधून आम्ही कसे गेलो ते मला अजून मोजता येत नाही. दोन्ही बाजूंना वीतभर असेल. उसाचं एक टिपरू दिलदारच्या मांडीवर येऊन पडलं, ते त्यानं घट्ट धरून ठेवलं. पुढं केर्लीच्या अलीकडं रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाचे ढीग ओळीनं होते. पहिला लहान होता, दुसऱ्यावर पोरं खेळत होती, तिसरा मी घेतला. गाडी नाकापर्यंत आत गेली आणि थांबली. इंजिन थांबलं नाही. मागची चाकं जमीन उकरत होती, माझं दार मुरमानं दाबलेलं, दिलदारनं उतरून बॉनेट उचललं आणि आत नुसताच बघत राहिला, कारण सायकलीत पंप असतो तो हवेचा. मी आतून ओरडलो, इंजिनाचं हवा ओढायचं तोंड बंद कर, तिथं कापड कोंब. त्याच्या हातात ऊस. आक्काच उतरली, कपाळावर टेंगूळ घेऊन, बोचकं सोडलं, आणि शालूचं नवं कोरं लुगडं त्या तोंडात दाबून धरलं. अर्धं आत ओढलं गेलं. इंजिन दोनदा घुसमटलं आणि बंद पडलं. मग इतकं शांत झालं की लांबच्या बैलांची घुंगरं ऐकू आली. आक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि कोल्हापूरकडं जाणारी एस.टी. थांबवायला रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून ती बोलत नाही. दुसरं लुगडं आणलं, झंपर शिवायला टाकला, बंपर सरळ केला, बंद करायची वायर घातली. दाजी, तुम्हीच सांगा, पहिल्या चाचणीत कुठल्या यंत्रात काही निघत नाही? मी काय चुकलो म्हणून सांगू? काम सगळं मापात आहे.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.
आपला,
कृष्णात

ता. क. – संध्याकाळी वायर पुन्हा सोडून बघितली. दोन सूत, म्हणजे पाव इंच ढील ठेवायला पाहिजे होती. माझंच चुकलं. दिलदारला दुकानात जाऊन सांगितलं. तो "असू द्या" म्हणाला आणि पंक्चर काढत राहिला. मग घरी येऊन आक्कासमोर उभा राहिलो आणि बोललो, की आक्का, वायरला ढील ठेवली नाही, ते चुकलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता बायडाला म्हणाली, "मी वायरचं इचारलं व्हतं व्हय?"

ता. क. दुसरा – दाजी, वर कंसात तांत्रिक निर्णय म्हणून लिहिलंय, ते पुरं नाही. मी क्लच दाबून धरला असता तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला असता आणि गाडी ब्रेकवर त्याच जागी थांबली असती, एस.टी.च्या कितीतरी अलीकडं. फक्त इंजिन फुटलं असतं. मला ते इंजिन दिसलं, त्यामागचे तीन महिने दिसले, आणि मी पाय उचलला. मागं आक्का बसली होती. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण एक पाय दाबल्यावर गाडी सैल झाली आणि तो उचलल्यावर परत पळाली, एवढं तिनं मागनं पाहिलंय. हे मला तिच्या तोंडावर बोलता येत नाही. आठ दिवस प्रयत्न करतोय, जिभेवर वायरच येते. म्हणून विनंती ही की उद्या पत्र मिळताच पहिल्या एस.टी.नं या आणि हे पत्र तिला वाचून दाखवा. तोपर्यंत मी वर्कशॉपात असेन.

ता. क. तिसरा, शुक्रवार सकाळ – येऊ नका. पत्र एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ द्यायला निघालो तर आक्का दारात उभी. आठ दिवसांत माझ्याशी पहिला शब्द बोलली, "वाच." मी वाचलं. लुगड्याच्या ठिकाणी ती "अर्धं न्हाय, पाऊण" म्हणाली. पहिला ता. क. संपल्यावर मी कागदाची घडी घातली, तर म्हणाली, "मागल्या अंगाला बी लिवलंय." तेवढा भाग वाचायला मला पहिल्या पानापेक्षा जास्त वेळ लागला.  वाचून झाल्यावर तिनं बाहेर जाऊन गाडीचं पुढचं दार उघडलं, दिलदारच्या जागेवर बसली, आणि मला विचारलं, त्यातला क्लच कुठला. मी दाखवला. तिनं वाकून नीट बघून घेतला आणि म्हणाली, "बरं. ह्या बारीला तुझा पाय उचलला, की माझा ठेवते."

शनिवारी सकाळी निघतो. इंजिनाचं काही सांगता येत नाही. आम्ही दोघं येतो.