ऐनाला घातलेली मागणी

गुरुजी,

आमच्या ऐनाला तुम्ही मागणी घातलीत, तो दिवस आज पुन्हा आठवला. सातवीतली मी चुलीपाशी भाकरी थापतेय. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, नारळ-सुपारी घेऊन ओसरीवर येऊन बसलात. विंझरला सुपारी घेऊन येणारा माणूस पोरीसाठीच येतो. आईनं पदर सारखा करून चहाचं आधणही ठेवलं. शाळा सुटणार म्हणून मी धुराचं निमित्त करून रडून घेतलं. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "पोरगी शिकू द्या. म्या ऐनासाठी आलोय."

आमचे तात्या खो-खो हसले. रानालगतच्या बांधावरचा ते ऐनाचं झाड दुसऱ्याच दिवशी तोडायचं होतं. नव्या घराचं आढं त्याचंच घालायचं ठरलं होतं. त्याच्या शेंड्यात शेकरूचं घरटं होतं, आणि खालच्या रानात कोळशासाठी तोड झाल्यापासून शेकरं दिसेनाशी झाली होती. तुम्ही कायदा सांगितला नाहीत की पाप-पुण्य काढलं नाहीत.

"झाड तुमचंच, वाळली फांदी तुमची. घरटं हाय तवर कुऱ्हाड लावू नका, येवढंच."

"आन् गुरुजी, आढं कशाचं घालू? तुमच्या खडूचं?"

"माझं लाकूड न्या. घरासाठी काढून ठेवलंय."

 तात्यांनी मग चार माणसं बोलावून सुपारी फोडली. एकदा फुटलेली सुपारी आमच्याकडं कुणी मोडत नाही, हे तुम्ही पुरतं ओळखून होतात. पुढं वेल्ह्याच्या वाटेवरच्या कितीतरी घरी तुम्ही अशीच झाडं मागितलीत. तुमचं घर मात्र गवतानंच शाकारलेलं राहिलं. टोपीवर काडी घेऊन तुम्ही वर्गात यायचात आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

तात्यांच्या मागं तो बांध माझ्या वाट्याला आला. आता बंगल्यासाठी जागा बघणारे गाड्या घेऊन येतात, ऐनाकडं बोट करून विचारतात, "हा काढता येईल ना?" मी सांगते, "त्यात शेकरूचं घरटं हाय. आमची सुपारी फुटलीय." ते गाडीत बसून निघून जातात.

तुम्ही देवाघरी गेलात, तिथं हे पत्र टाकायला पेटी कुठली? राहील गव्हाच्या डब्याखाली. पण तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही, गुरुजी. घरटं कधीच गळून पडलंय. कुणी विचारलं की मी अजून 'हाय' म्हणते.