भाजीखालचा शेवटचा पेपर

रविवार, सांजेले

सुमी, माही लहान बहीण, जाऊन महिना झाला. पोट्ट्यांसारखे केस कापे, फटफटीवर फिरे, लग्नाले नाईच म्हणे. आपला छोटासा पेपर काढे. सख्खा भाऊ सरपंच, त्याचीच रेतीचोरी छापली तिनं! त्यानं घर बंद केलं तिले. तरी उरलेले पेपर मले जाम गावच्या चौकात, भाजीच्या दुकानावर आणून दे. म्हणे, "बाई, तुले वाचाचा कंटाळा, तं भाजीखाली टाक. गिऱ्हाईक वाचते."

आज तो रेतीवालाच पेपर उरला होता, शेवटचा. सून त्यात मेथी बांधून राह्यली होती. मी ओरडली, "ठेव तो!" मंग वाटलं, काऊन ठेवू? पेटीत कोन वाचन? सुमी हासली असती मले. दे म्हटलं बांधून.

गिऱ्हाईक कॉलेजातली पोरगी. तिनं पुडकं सोडलं, मेथी बाजूले ठेवली अन् उभ्यानंच वाचाले लागली.

"आजी, कोनं लिहिलं हे? लई हिंमतीचं हाये!"

"माह्या बहिणीनं," मी म्हटलं. किती आनंद झाला मले, काय सांगू!

पोरगी पेपर घेऊन गेली, मेथी इथंच विसरली.

उद्यापासून भाजीखाली पोतं टाका लागन. त्याच्यावर वाचाले काई नसते.