मॉस्कोचं उत्तर आणि माझं

बुधवार, २ फेब्रुवारी २००५
सकाळ

प्रिय ओतारदादा,

तुझं पत्र सफरचंदवाल्या मारोने काल आणून दिलं. टोपलीच्या तळाशी लपवून आणलं होतं, त्यामुळे कागदाला अजून फळांचा वास आहे. इकडे सगळे खुशाल. थंडीने तुझ्या मेव्हण्याची, अख्सारची कंबर धरली आहे, सासूबाईंची जीभ मात्र ठणठणीत. तुझा भाचा खेताग व्लादिकावकाझला आहे, अभ्यास चाललाय, खातो-पितो नीट. आईला सांग, तिने विणलेले मोजे मी रोज घालते.

तुझ्या बेसोचं लग्न ठरलं, तेही या रविवारी! वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. पण दादा, तू म्हणजे कमाल आहेस. वाइन कुणाकडची, बोकड किती मोठा, यावर अख्खं पान भरलंस आणि मुलगी कशी आहे त्याचा पत्ता नाही. उंच आहे का? हसते का? गोरी शहरातल्या गिरणीत कामाला लागून पोराने स्वतःचं स्वतः जमवलं, हे बाकी छान झालं.

आणि मग खाली तो तुझा प्रस्ताव. लग्नाला ये, खेतागला घेऊन ये आणि परत जाऊच नकोस, वरच्या दोन खोल्या तुझ्या. हो की नाही, एका शब्दात कळव. लहानपणापासून तुझं हे असंच. प्रश्न पानभर आणि उत्तर मात्र एका शब्दात हवं.

सांगते. पण आज नको विचारूस, आज इथे कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही. तुमच्या त्बिलिसीच्या सरकारने इथल्या ओसेती लोकांपुढे टाकलेला तो प्रस्ताव आहे ना? की तुमची भाषा घ्या, तुमची विधानसभा घ्या, घरदार सांभाळा, फक्त जॉर्जियातून वेगळं व्हायचं तेवढं सोडा. त्यावर मॉस्को काय म्हणतं ते आज दुपारी टीव्हीवर सांगणार आहेत. इथे सगळ्या ओसेती घरांत म्हणतात, आपलं काय, मॉस्को हो म्हणालं तर हो. अख्सार सकाळपासून तीनदा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवून आला. सासूबाई म्हणाल्या, "तिकडून हो आलं तर उद्या ओढ्याच्या दोन्हीकडच्या चौक्या उठतील. रोट कर. चांगलं बोलणं ऐकताना ताट रिकामं नसावं." म्हणून पीठ भिजवलंय. मळता मळता उठून हे लिहितेय, हाताचं पीठ कागदाला लागलंय. खिडकीतून रस्ता बघते, परत बसते. कशात म्हणून जीव लागत नाही.

तुझ्या प्रस्तावात पुष्कळ चांगलं आहे, दादा. मी त्याचा नीट विचार करतेय. जाते, पीठ फुगलं.

गुरुवार

दादा, वरचं काही खोडत नाही. खोडायला बसले तर हे पत्र कधीच निघायचं नाही.

काल दुपारी अर्धं गाव आमच्या टीव्हीपुढे. मधल्या खुर्चीत इलासकाका, अख्सारचे थोरले चुलते. गावात आधी पेला तेच उचलतात. मी भट्टीपाशी उभी, कान टीव्हीकडे. ती बाई वाचत होती, "मॉस्को या प्रस्तावाकडे लक्षपूर्वक पाहत आहे. त्यात काही स्वागतार्ह मुद्दे आहेत. सर्व बाजूंनी अभ्यास केल्यानंतर..." आणि मग एकदम हवामान सुरू झालं.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या. "हो म्हणाले का नाही?"

"हो म्हणाले नाहीत," अख्सार म्हणाला.

"नाही पण म्हणाले नाहीत," शेजारचा तैमुराज.

इलासकाका हसले. "मुलगी बघून लोक 'कळवतो' म्हणून जातात ना, त्यातली गत. आता ना तिचं लग्न, ना तिला दुसरं स्थळ."

"आणि चौक्या?" मी विचारलं.

"चौक्या कुठे जातायत?" अख्सार म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

डोक्यात चौक्याच. भट्टीतून रोट काढले, लोणी फासलं आणि ताट काकांपुढे नेऊन ठेवलं. ते पेला घेऊन प्रार्थनेला उभे राहिले, ताटाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं ते तसंच. मला कळेना काय झालं. मग मीही ताटाकडे पाहिलं. दोन रोट होते. तिसरा भट्टीतच करपत होता.

तुला ठाऊक आहे ना या ओसेतींचं? शुभकार्याला तीन, मयताला दोन. सव्वीस वर्षं या घरात नांदतेय, पहिल्या महिन्यातसुद्धा ही चूक केली नव्हती.

सासूबाई ताडकन उठल्या. "पोरगा बंदूक घेऊन चौकीवर उभा आहे आणि तू माझ्या घरात मयताचं ताट वाढतेस?"

वाचलंस ना दादा? व्लादिकावकाझ नाही. अभ्यास नाही. उन्हाळ्यात गोळीबार झाला तेव्हापासून खेताग चौकीवर आहे, ओढ्याच्या अलीकडे, तुमच्या बाजूला तोंड करून. तुला कसं लिहायचं मी?

मी एप्रन तसाच ठेवून पळत सुटले. मागून अख्सार, डोक्यावर टोपी नाही, कंबर धरून, बर्फात घसरत. "नानुली, थांब! अगं, पडशील!" मी कसली थांबते.

पोरगा धडधाकट होता. वाळूच्या पोत्यांवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मला बघून उडालाच.

"आई! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. घरी चल."

"वेडी आहेस का? माझी पाळी आहे."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली. "आत्या? ए खेताग, माझी आत्या आहे का ती?"

दादा, मी आवाज ओळखला. बेसो. सहा वर्षांचा असताना माझ्या कडेवरून उतरायचा नाही तो आवाज. खांद्याला बंदूक, डोक्यावर तुझी जुनी फरटोपी, आणि हात हलवतोय. "आत्या, रविवारी ये हं! नाचायचंय तुला!"

"रोज बोंबलतो," खेताग म्हणाला. "मुलीचं नाव इरमा. उंच आहे म्हणे, याच्यापेक्षाही. सकाळी मी विचारतो, रात्री झोपलास का? तो म्हणतो, तू घोरत होतास, कसा झोपू?"

हसावं की रडावं कळेना. आधी हसले, मग तिथेच पोत्यावर बसून रडले. अख्सारने माझ्या डोक्यावर आपलं जाकीट घातलं आणि स्वतः कुडकुडत उभा राहिला.

गोरीची गिरणी ना, दादा? तूही तेच केलंस. दोघं बहीणभाऊ ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. पोरं मात्र एकमेकांना सगळं ओरडून सांगत होती. आईला तरी ठाऊक आहे का? नसेल तर सांगू नकोस. नाही, सांग. आता पुरे झालं हे.

तुझं उत्तर देते. काल सकाळचं ते 'विचार करतेय' वाचून माझीच मला लाज वाटली. टीव्हीवरची बाई वेगळं काय बोलत होती?

राहायला येणार नाही. खोल्या आईलाच राहू देत, तिला ऊन मिळेल. अख्सारला सोडून मी येणार नाही. तू म्हणशील, तो ओसेती, त्यांचा. असेल, पण माझाही आहे, आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. इतक्या वर्षांत तुला हे कधी लिहिलं नव्हतं.

लग्नाला मात्र येणार. रविवारी सकाळी, पायी, मधल्या रस्त्याने. मारोची टोपली नको आणि चोरवाटही नको. तुमच्या चौकीवर बेसो नसेल, नवरदेव तो. त्याच्या जागी जो कुणी असेल त्याला सांगून ठेव, की आत्या येतेय. आणि लग्नानंतर बेसोला परत त्या पोत्यांमागे पाठवू नकोस. सरकार काय म्हणतं ते मला सांगू नकोस. बाप तू आहेस.

मी माझ्या पोराला सांगितलंय, रविवारी बंदूक इथेच टेकवायची आणि आईबरोबर मामाकडे जेवायला चालायचं. परत आल्यावरही बंदुकीला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "आई, असं नसतं. वरून हुकूम यावा लागतो."

मी म्हटलं, "वरचे अजून अभ्यास करतायत. तोवर माझा हुकूम."

तो येईल की नाही, मला माहीत नाही. तो आला नाही तरी मी निघणार.

बेसोची आत्या, खेतागची आई,
तुझी
नानुली