जो गप्प, त्याच्याकडे आधी

सौ. मथुरा हिला सावंतवाडीहून भिकाजीचे आशीर्वाद.

आपली नात पास झाली! अक्षयाला नर्सिंगच्या पेपरात पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले. आधी दोनदा नापास झाली होती, आता वर्ष जातं की काय या धास्तीने मला जेवण जाईना. तुला कळवलं नव्हतं.

तिची चूक एकच व्हायची. पेपरात चार रोगी देतात आणि विचारतात, आधी कोणाकडे जाल? ही दर वेळी ओरडणाऱ्याकडे धावायची.

मी चौथी शिकलेला, पण म्हटलं, "गो बाय, खाडीच्या तोंडाशी आमची होडी उलटली तेव्हा बोंबलणाऱ्याक आदी काढूक नाय. बोंब मारता, म्हणजे श्वास चालू आसा. जो गप्प, तेका आदी काढूचा."

ती हसून म्हणाली, "आजोबा, मॅडम ह्याच सांगतत. माका आज कळला!"

म्हैस दूध देते ना? मागचं दार लावून झोपतेस ना?

काल अक्षयाने विचारलं, आजी कशी आहे? मी म्हटलं, फोनवर ‘बरी आसंय’ म्हणते आणि ठेवते. पण गणपतीत विहिरीवरून पाणी आणताना तू दोनदा वाटेत बसली होतीस, तेही तिला सांगितलं.

पोरीचं हसू गेलं. म्हणाली, "म्हणजे आदी आजीकडेच जावक होया."

शनिवारी दोघं येतो. तोवर पाणी शेजारणीकडून आणून घे, आणि कुठे दुखत असेल तर मोठ्याने ओरड.

तुझी काळजी करणारा,
भिकाजी