न लावलेला टेकू

प्रिय हमीदा,

तुला जाऊन वर्ष झालं आणि आज लिहायला बसले, कारण तुझी सलमा आज माझ्यापाशी रडली. दर शुक्रवारी जळगाव जामोदहून येते, माझं डोकं चेपून देते. म्हणाली, "मावशी, मी अम्मीले आधीच माह्या घरी घेऊन गेली असती तं वाचली असती. चूक माहीच हाय." मी काय केलं असेल? तिच्या पाठीवरून हात फिरवला!

धरणात गाव जाणार, हे आपण लग्न होऊन आलो तेव्हापासून ऐकत होतो. तू हसायचीस, "आपन मरून जाऊ, पन पानी काई येत नाही!" आलं की गं. नव्या गावठाणात चिठ्ठ्या टाकून प्लॉट दिले. तुझा एका टोकाला, माझा दुसऱ्या टोकाला. चाळीस वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजू सारवल्या आपण!

दोन्ही घरांच्या धाब्यांच्या, त्या मातीच्या छपरांच्या, तुळया त्या भिंतीवरच टेकलेल्या. एकाने तुळई काढायची तर आधी शेजारच्या धाब्याला टेकू द्यायचा, ही रीत कोणाला ठाऊक नाही? तू दारात येऊन म्हणालीसही, "वच्छे, काऊन घाई करून राह्यली? माह्या धाब्याले टेकू तं लावू दे." पण माझ्या पोराला, गजाननला, तुळया काढून न्यायला ट्रॅक्टर त्याच दिवशी मिळाला होता. मी त्याला थांबवलं नाही. नव्या घराला सागाच्या तुळया हव्या होत्या ना!

तिसऱ्या दिवशी अवकाळीची एक सर आली आणि भिंत तुझ्या धाब्यासकट बसली. तू विहिरीवर होतीस म्हणून जीव वाचला. पंचनाम्याला तलाठी आले, तेव्हा मीच सांगितलं, "पावसानं पडली." तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस. का गं? चार शिव्या तरी घालायच्या होत्यास!

तुझं नवं घर पायापर्यंतच आलेलं. वैशाखात पत्र्याच्या खोलीत एकटी राहिलीस. मी एकदाच आले. तू खाटेवरून "बस" म्हणालीस, मी दारातूनच परतले. आठवड्यात ऊन लागून तू गेलीस.

गाव पाण्याखाली आहे. गजानन पुण्याला. माझ्या दारात येणारी ही एकच पोर उरली.

पुढच्या शुक्रवारी तिला सगळं सांगेन, हमीदा. मग ती पुन्हा येणार नाही. पण स्वतःला बोल लावणं तरी सोडेल.

तुझी शेजारीण,
वच्छी